इसार देण्यापूर्वी माती पाहा

जमीन घ्यायची ठरली म्हणजे आपण काय काय पाहतो? सातबारा पाहतो, बांध पाहतो, वाट कुठून आहे ते विचारतो, भावासाठी दोन दिवस घासाघीस करतो. आणि ज्या वस्तूचे पैसे मोजायचे ती माती? ती उभ्या उभ्या पाहून इसार देऊन मोकळे होतो!

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी असेच केले. निवृत्तीचा पैसा हाती आला, गावाबाहेर काळीभोर जमीन मिळाली. तीन फूट पाया घेऊन त्यांनी चार खोल्या बांधल्या. दुसऱ्या पावसाळ्यात दारे चौकटीत अडकू लागली. उन्हाळ्यात भिंतीला कोपऱ्यातून तिरपी भेग गेली. ती बुजवली, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. सिमेंट चांगले होते, गवंडीही चांगला होता. चूक एकच झाली होती. माती ओळखली नव्हती.

देशावरची काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यात अतिशय बारीक चिकणमाती भरपूर असते. या चिकणमातीचे कण पत्र्यावर पत्रा रचावा तसे थराथरांचे असतात. पावसाळ्यात थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, माती आकसते आणि जमिनीला हात हात खोल भेगा पडतात. घराच्या मधली माती झाकलेली राहते, कडेची मात्र भिजते आणि वाळते. म्हणून पाया सगळीकडे सारखा हलत नाही आणि भिंत तडकते. गंमत अशी की, ओल धरून ठेवण्याच्या याच गुणावर रब्बीची ज्वारी पिकते!

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी गावाच्या जमिनीची वाटणीच त्यांनी केली होती. आज आपण काळीवर घरे बांधतो. बांधू नयेत असे नव्हे. पण पाहून बांधावीत.

पाहायचे कसे? पहिली गोष्ट, जमीन उन्हाळ्यात पाहा. भेगा किती रुंद आहेत ते बघा. शेजारच्या घरांच्या भिंती पाहा. जवळ विहीर असेल तर तिच्या काठावर उभे राहा. माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, खडक कुठे आहे, हे सारे तिच्या अंगावर लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट, मालकाला विचारून कमरेइतका खड्डा खणा. घर बांधायचे तर पाया मुरमावर टेकला पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर इंजिनियरला विचारा. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत तयार केली आहे. घराभोवती पाणी साचू देऊ नका आणि मोठी झाडे भिंतीपासून दूर लावा.

बाग लावायची असेल तर हिशेब उलटा. हातभर मातीखाली खडक लागला, तर फळझाडाचे मूळ जाणार कुठे? खड्ड्यात पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही ते तसेच उभे असेल तर निचरा नाही, मुळे कुजतील. माती पांढुरक्या खड्यांची असेल तर ती चुनखडीची समजावी. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. संत्र्या-मोसंबीची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शिक्षकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत अशा मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून दाखवावेत. चुना असेल तर माती फसफसते. मुले हा धडा विसरणार नाहीत.

कालव्याकाठची जमीन स्वस्त मिळाली तर जरा थांबा. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर फुटतो का, ते पाहा. पाणी अति झाले आणि निचरा नसला की खालचे क्षार वर येतात. सांगलीकडच्या कृष्णाकाठी उसाच्या कितीतरी चांगल्या जमिनी अशाच खारवट झाल्या.

शेवटी मातीचा नमुना तपासून घ्या. पिकासाठी आठ-दहा ठिकाणची सहा इंचांपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवा; फळबागेसाठी तीन फुटांपर्यंत दर फुटाची माती वेगळी ठेवा. उकिरड्याजवळची किंवा नुकते खत टाकलेली माती घेऊ नका. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ सालापासून आहे. तिच्यात मातीचा सामू, क्षार आणि अन्नद्रव्ये कळतात. पण पायाचे काम तिच्यावरून ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

त्या शिक्षकांनी पुढे घराभोवती फरसबंदी करून पावसाचे पाणी लांब काढले. भेग आता वाढत नाही. पण खर्च व्हायचा तो झाला. एक खड्डा आधी खणला असता, तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीत काम भागले असते. माती वाईट नसते, मंडळी. आपण तिला न विचारता काम सांगतो. तेव्हा इसाराला हात घालण्यापूर्वी कुदळीला हात घाला.