हरकत कोणत्या नावाने नोंदवायची?

‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य सरकारी जाहिरातींत आपण नेहमी वाचतो. रस्ता रुंदीकरणात जमीन जाणारा माणूस नावगावासह हरकत नोंदवतो. पण जिचे रोजचे जगणेच फौजदारी कलमांत अडकले आहे, त्या बाईने हरकत कोणत्या नावाने नोंदवायची?

सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने, खासगीत देहविक्रय करणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र १९५६ च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाने, म्हणजे बोलीतल्या ‘पिटा’ने, कुंटणखाना चालवणे, गिऱ्हाईक बोलावणे, सार्वजनिक जागेजवळ धंदा करणे आणि त्या कमाईवर जगणे ही कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. आईच्या कमाईवर शिकणारा अठरा वर्षांवरचा मुलगाही शेवटच्या कलमात सापडू शकतो. निर्गुन्हेगारीकरण म्हणजे सज्ञानांच्या संमतीच्या व्यवहाराभोवतीची ही कलमे काढणे. सक्ती, फसवणूक आणि अल्पवयीनांचा व्यापार हे गुन्हे तसेच राहतात.

असे बदल करताना लोकांना विचारावे, यासाठी केंद्राने २०१४ मध्ये कायदापूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरवले. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावे आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा, असे ते सांगते. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. २०२१ मध्ये मानवी तस्करीविरोधी विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा ई-मेलने सूचना पाठवायला १४ जुलैपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन आठवडे मिळाले. करोनाने तेव्हा वस्त्यांतली चूलही थंडावली होती.

याउलट, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नेमलेल्या समितीत कोलकात्याच्या ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेलाच जागा होती. समितीच्या दहा शिफारशींपैकी सहा पाळण्याचे निर्देश न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिले. उरलेल्या चारांबाबत केंद्राचे आक्षेप होते. धोरण आखताना किंवा कायदा बदलताना या स्त्रियांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना सहभागी करून घ्यावे, ही शिफारस त्या चारांत होती. सल्लामसलतीची शिफारसच आक्षेपात अडकली! हे आपल्याला ठाऊक आहे, कारण न्यायालयाच्या आदेशात त्याची नोंद झाली. मंत्रालयाच्या फायलीत ती राहिली असती, तर कोणाला कळले असते?

न्यूझीलंडने २००३ मध्ये ६० विरुद्ध ५९ मतांनी निर्गुन्हेगारीकरण केले. त्याच कायद्यात परिणामांचा आढावा घेणारी अकरा जणांची समिती नेमण्याची तरतूद होती आणि त्यातली तीन नावे देहविक्रय करणाऱ्यांच्या संघटनेने सुचवायची होती. समितीचा अहवाल २००८ मध्ये जाहीर झाला. विचारणे, मोजणे आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवणे या तिन्ही गोष्टी तिथे कायद्यानेच बांधून घेतल्या.

आपल्याकडे नाव उघड होण्याच्या भीतीवरही उपाय सापडू शकतो. न्यायालयाच्या त्याच आदेशात या स्त्रियांना एड्स नियंत्रण यंत्रणेतील अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावे आणि त्यावर व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण नसावी, असे म्हटले आहे. ओळख पटवूनही व्यवसाय झाकता येतो, तर हरकती घेतानाही ते का जमू नये? शिवाय सांगलीतली वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून उभी आहे. अशा संघटनेच्या नावाने निवेदन देता येते. एकेकीला उघड्यावर यावे लागत नाही.

मसुदा मराठीतून वस्तीपर्यंत पोहोचवावा, पुरे तीस दिवस द्यावेत, निनावी आणि तोंडी म्हणणेही लिहून घ्यावे आणि काय स्वीकारले, काय नाकारले व का, हे छापावे. झाकायचे असेल ते बाईचे नाव; सरकारचे उत्तर नव्हे.