गावापासून लांब, माणसांपासून नव्हे

गैरसमज : गाव सोडलं की माणूस घरादाराला तुटतो.

वस्तुस्थिती : कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्याचा अनुभव नेमका उलटा आहे. गारगोटी आणि वेदगंगेच्या खोऱ्यातल्या गावांमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबली. पण ती एकेकटी राहिली नाहीत. लालबाग-परळच्या चाळींत गावातल्या माणसांची मिळून एक खोली असे. दिवसपाळीवाला कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागी पथारी पसरी. भिंतीशी ट्रंका, जेवण खानावळीत. गावाहून नवा पोरगा आला की पहिला आसरा तिथेच, आणि गावी निघालेल्याच्या हाती सगळ्यांचे निरोप. भाताच्या लावणीला, यात्रेला रजा काढून माणसं घरी येत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. पगार थांबला, तेव्हा कोल्हापूर, सातारा, कोकणातले कितीतरी जण गावी परतले आणि घरच्या धान्यावर, भावाच्या कमाईवर तगले. एवढी वर्षं येणं-जाणं राखलं होतं, म्हणूनच त्यांना परकेपणाने कुणी वागवलं नाही.

गैरसमज : महिन्याला पैसे पाठवले की कर्तव्य संपलं.

वस्तुस्थिती : पैसे लागतातच. आईचं औषध, बहिणीची फी नुसत्या मायेवर भागत नाही. पण मनिऑर्डरच्या काळातही कुणी कोरे पैसे धाडत नव्हतं. फॉर्मच्या एका तुकड्यावर मजकुरासाठी थोडी जागा असायची. तेवढ्यात बारीक अक्षरांत सगळं बसवायचं : म्हशीची पेंड, लावणीची तारीख, पोराने शाळा बुडवू नये, म्हातारीने पथ्य पाळावं. घरात वाचणारं कुणी नसेल तर पोस्टमनच तो मजकूर मोठ्याने वाची. नोटा खर्चून जात, तो कागद मात्र फडताळात राही. आता मोबाइलवरून पैसे क्षणात पोचतात, पण तो मजकूर गळाला. पैसे टाकाल त्याच दिवशी फोनही लावा.

गैरसमज : घरच्या ग्रुपवर आहोत, म्हणजे संपर्क आहेच.

वस्तुस्थिती : ‘शुभ सकाळ’च्या फुलांतून आईचा गुडघा दुखतोय हे कळत नाही. ‘बरं हाय’ ती कोणत्या सुरात म्हणते, ते कानांनीच ऐकावं लागतं.

गैरसमज : मैत्री खरी असेल तर बोलणं नसलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : मला हाच समज सगळ्यांत घातक वाटतो. ब्रिटनमध्ये सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या मुलामुलींचा दीड वर्ष मागोवा घेतला. संपर्क घटला तरी रक्ताच्या नात्यांतली जवळीक बरीच टिकली, मैत्रीतली मात्र उतरत गेली. मुलींची मैत्री बोलण्याने तगली, मुलांची एकत्र काहीतरी करण्याने. तेव्हा गारगोटीच्या मौनी विद्यापीठात एका बाकावर बसलेले आणि आज चाकणला, दुबईला पांगलेले मित्र सुट्टीत भेटतील, तर स्टँडवर उभ्याउभ्या चहा पिऊन पांगू नका. सगळे मिळून भुदरगड किल्ला चढा, कुणाच्या तरी रानात दिवसभर लावणीला लागा. भाऊ रागावला तरी भाऊच राहतो. मित्राला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि आपण नेमकी त्याच्याच बाबतीत चालढकल करतो.

गैरसमज : इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने फोन करायचा? समोरचा अवघडून जाईल.

वस्तुस्थिती : संशोधक पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 5,900 हून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष मांडला. आपण आठवण काढली याचं समोरच्याला किती बरं वाटेल, हे माणसं नेहमी कमी धरतात. आठवण जितकी अनपेक्षित, तितकी तिची गोडी जास्त. कारण शोधत बसू नका. ज्याचं नाव हे वाचताना मनात आलं, त्याला आज रात्रीच फोन लावा.