इंग्रजीचा अनुप्रास कानाने शिकवावा

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी शिकवली जाते. बीड जिल्ह्यातील नांदूरघाटसारख्या गावी मात्र ती मुलांना बहुधा पुस्तकातच भेटते, आणि तेथेच अनुप्रास अडतो. मराठी जशी लिहावी तशी वाचावी. म्हणून मूल इंग्रजीतही अक्षरेच जुळवू पाहते. 'सिटी' आणि 'कॅट' यांचे आद्याक्षर एकच, 'सी'. तरी अनुप्रास नाही. उलट 'नी' म्हणजे गुडघा 'के'ने आणि 'नोज' म्हणजे नाक 'एन'ने लिहितात, तरी अनुप्रास साधतो!

यास्तव शिक्षक बंधुभगिनींनी प्रथम फळा पुसावा. शब्द मोठ्याने म्हणावेत; नाद जुळला की मुलांनी टाळी द्यावी. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांना फडावर वही उघडणे कठीण. पाठ झालेला नाद मात्र त्यांच्यासोबत जातो.

उपमा-रूपक त्यामानाने सोपे. प्रभू येशूने शिष्यांना मिठासारखे म्हटले नाही, मीठच म्हटले (मत्तय ५:१३), हे रूपक. 'सारखे' आले की उपमा. इंग्रजीत ते काम 'लाइक' करतो. परंतु 'आय लाइक मँगोज'मधील 'लाइक' निराळा, हे आधीच सांगून ठेवावे.