खडूचा घोडा आणि जांभ्यातला हत्ती

इंग्लंडात ऑक्सफर्डशायर नावाचा मुलूख आहे. तिथं उफिंग्टन गावाजवळच्या डोंगरावर एक पांढरा घोडा तीन हजार वर्षं पळतोय, पोरांनो. लांबीला ११० मीटर! डोंगराच्या हिरवळीखाली खडूचा दगड आहे. डोळ्याला दिसणारही नाहीत असे समुद्रातले जीव मेले, त्यांची चुन्याची कवचं तळाशी साठली आणि कोट्यवधी वर्षांत त्यांचा हा दगड झाला. तिथल्या जुन्या माणसांनी हिरवळ काढली, चर खणले, खडू कुटून त्यांत भरला आणि घोडा उभा केला.

“मग आज्जा, त्याच्यावर गवत उगवत नाही?”

उगवतं की! म्हणून तर गोष्ट सांगतोय. बेंदराला आपण बैल धुऊन रंगवतो ना, तसा तिथला गाव त्या घोड्याला घासायचा. तण उपटायचं, नवा खडू ठोकायचा. त्या दिवशी जत्रा भरायची, चीजचं चाक उतारावरून सोडून द्यायचं आणि पोरांनी त्याच्यामागं धावायचं. एक-दोन पिढ्यांनी जरी अंग काढून घेतलं असतं, तरी घोडा गवतात बुडाला असता. शेजारच्या टेकडीवर उघडी पांढरी जागा आहे. सेंट जॉर्जनं तिथं ड्रॅगन मारला, त्याचं रक्त सांडलं, म्हणून गवत येत नाही, असं लोक सांगतात.

त्याचं वय कसं काढलं, तेही ऐका. मातीत गाडलेल्या वाळूच्या कणात आजूबाजूच्या किरणोत्सारामुळं ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती निघून जाते आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणजे कणानं शेवटचं ऊन केव्हा पाहिलं, ते प्रयोगशाळेत मोजता येतं. १९९० च्या दशकात घोड्याच्या चरांतली माती अशी तपासली. उत्तर आलं, इ.स.पू. १३८० ते ५५० च्या दरम्यान कधीतरी.

आता आपल्याकडं या. सदलग्यात विहीर खणली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा फत्तर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्ह्याचा तो दगड. आपली दूधगंगा ज्या सह्याद्रीतून येते, त्याच्या पलीकडं, निपाणीहून राधानगरीवरून फोंडा घाट उतरलं की कोकण. तिथं पाऊस असा कोसळतो की लाखो वर्षांत त्यानं याच काळ्या दगडातलं बरंचसं धुऊन नेलं. मागं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरलं, आणि तांबडा, भोकाभोकांचा जांभा तयार झाला. त्याची उघडी पठारं म्हणजे सडे. आणि त्या सड्यांवर चित्रं कोरलेली आहेत!

राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब. त्याच्या पोटात बघावं तर आणखी कितीतरी प्राणी. मासे आहेत, वाघ आहे, गेंडासुद्धा आहे. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे एक माणूस उभा आहे. खाचा काही सेंटिमीटरच खोल. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांत सावली भरते आणि हत्ती उठून दिसतो. भर दुपारी त्याच्यावरून चालत गेलात तरी कळायचं नाही.

कोणी केली? कोकणात पांडवांचं नाव घेतात. गोव्यात कुशावतीच्या काठी फणसाईमळला बैल, हरणं, मोर आणि एक चक्रव्यूह कोरलाय. ते गुराख्यांचं काम, असं तिथले लोक म्हणत आले. मला या गोष्टी मोलाच्या वाटतात, कारण त्यांच्यामुळंच जागा लक्षात राहिल्या. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई चित्रं शोधायला निघाले, तेव्हा वाट दाखवली गुराख्यांनी आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी. आता हजाराहून जास्त चित्रं सापडली आहेत.

गेंड्याचंच बघा. कोकणात आज गेंडा कुठाय? पण गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगातल्या वस्तीत गेंड्याचं हाड मिळालंय. म्हणजे पश्चिम भारतात एकेकाळी तो फिरत होता. चित्रांत शेतीभातीची खूण जवळजवळ नाही, म्हणून ती शिकारी लोकांची असावीत, काही हजार वर्षं जुनी, असं अभ्यासकांना वाटतं.

नेमकं वय मात्र घोड्यासारखं मोजता येत नाही. खडूचा चर मातीनं भरलेला होता; जांभ्याची खाच उघडी, दर पावसात धुऊन निघणारी. घोड्याला माणसाचे हात लागले, हत्ती कोणी न सांभाळता दगडाच्या जिवावर टिकला. पण दगड फोडला तर तोही जातो. सड्यांवर चिऱ्याच्या खाणी आहेत, रस्ते चालले आहेत. २०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी, फणसाईमळ धरून नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, याचा मला फार आनंद झाला.

तुम्ही तिथं जाल तेव्हा चपला बाजूला काढून कडेकडेनं फिरा. फोटो चांगला यावा म्हणून खाचेत चुना नाहीतर खडू भरू नका, आणि तळाला चिकटलेली माती उकरू नका. एखाद्या खाचेत जुनी माती दबून राहिली असेल, तर हत्तीचं वय तिच्यातूनच निघायचं आहे.