जॅक एकच, वायर वेगळी

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. नागझिऱ्याच्या कडेला असलेल्या तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्यासारख्या गावात ऐन रात्री स्पीकर घुमायला लागला, तर नवी केबल कुठून आणणार? गिटार, इफेक्ट्सचा रॅक आणि ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या वायरींबद्दलचे गैरसमज त्याआधीच दूर झालेले बरे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे, जॅक बसला की केबल चालते. गिटारची आणि स्पीकरची केबल, दोन्हींना ६.३५ मिमीचा तोच जॅक असतो. जॅकचं टोपण फिरवून आत बघा. मधल्या बारीक तारेभोवती तांब्याची जाळी दिसली, तर ती गिटारची केबल. सारख्याच जाडीच्या दोन तारा दिसल्या, तर स्पीकरची. गिटारचा सिग्नल अगदी क्षीण असतो, त्याला बाहेरच्या खरखरीपासून वाचवायला ती जाळी लागते. स्पीकरकडे मात्र मोठा करंट जातो. तिथे गिटारची केबल लावली तर बारीक तार तापते आणि ॲम्प्लिफायरही जळू शकतो.

‘लांबीने काही फरक पडत नाही’ हे अर्धंच खरं. साध्या पिकअपच्या गिटारला फरक पडतोच. केबलच्या प्रत्येक मीटरमध्ये साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. ३ हेन्रीच्या पिकअपला ६ मीटर केबल जोडली तर स्वराची चमक ३,७०० हर्ट्झच्या आसपास राहते, १८ मीटर जोडली तर ती २,२०० पर्यंत घसरते. वाजवणाऱ्याला वाटतं, तारा जुन्या झाल्या! पण रॅकच्या युनिटमधून किंवा बफरमधून बाहेर पडलेल्या सिग्नलला एवढी झीज होत नाही. म्हणून लांब केबल रॅकच्या पुढे टाकावी, गिटार आणि रॅक यांच्यामध्ये नाही.

दोन काळ्या कड्यांचा स्टिरिओ जॅक लावला की हमिंग जातं, असंही म्हणतात. बॅलन्स्ड जोडणीत एकच सिग्नल दोन तारांवरून उलटसुलट जातो आणि पुढचं युनिट दोन्हींतली वजाबाकी करतं, त्यात खरखर गळून पडते. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांची युनिट्स बॅलन्स्ड हवीत. साधी गिटार तशी नसते. सोन्याचा मुलामा दिलेल्या जॅकला गंज लागत नाही, एवढाच त्याचा गुण. सूर त्याने गोड होत नाही.

आता सर्वांत घातक समजूत. ५० हर्ट्झचं हमिंग आलं की प्लगची अर्थची पिन काढून टाकायची! आवाज थांबतोही. कारण रॅकची युनिट्स लोखंडी चौकटीतून आणि केबलच्या जाळीतून आधीच एकमेकांना जोडलेली असतात, अर्थच्या तारेने तिथे वेढा तयार होतो आणि पिन काढली की तो तुटतो. पण त्याबरोबर माणसाचं संरक्षणही तुटतं. १९७२ साली स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच मृत्युमुखी पडला. हमिंगवर खरा उपाय म्हणजे सगळी युनिट्स एकाच बोर्डावर घेणं आणि मिक्सरकडे जाताना ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरणं. जनरेटर असेल तर पडदा उघडण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि पिन काढलेला प्लग दिसला तर तो बदलल्याशिवाय गिटार हातात घेऊ नका.