काळीवरचे घर

जुन्या मराठी मुलुखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत असत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ रंगाचा नव्हता. पडक्या भिंतींची माती, चुलीची राख आणि शेणसारवण यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या साचून वस्तीची भूमी भोवतालच्या शेतांहून उंच होत जाई. तिच्यावर पडलेले पाणी आपोआप ओहोळाकडे निघून जाई. काळी पीक देते आणि पांढरी आसरा देते, हे आपले वाडवडील जाणून होते. पांढुर्णा हे नाव उच्चारताच आम्हांस या पांढरीची आठवण होते.

आता काळ पालटला आहे. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यापासून अलग होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या वस्तीत जागा उरली नाही, आणि कालपर्यंत जेथे कापूस व तूर उभी असे तेथे आज घरांचे पाये खोदले जात आहेत. आपल्या व्यापारी बंधूंपैकी कित्येकांनी अशा जागा घेतल्या आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने बाजारभाव बाजूस ठेवून घराखालच्या भूमीविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले. आम्ही इंजिनिअर नव्हे. परंतु या विषयाची फी आम्ही पुरेपूर भरलेली आहे.

आपल्याकडची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा अंश असतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळला म्हणजे आकसतो. वैशाखात शेताला भेगा पडतात व श्रावणात त्याच भेगा मिटून जातात, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातले आहे. कापसाला हा गुण मानवतो, कारण अशी माती ओलावा धरून ठेवते. घराला मात्र तो घातक ठरतो. कारण दर वर्षी खालून उचलणारी आणि पुन्हा खाली बसणारी भूमी कोणत्याही भिंतीला स्वस्थ राहू देत नाही.

सुमारे 25 वर्षांपूर्वी आम्ही घर आणि त्याला लागून धान्याचे गोदाम बांधले. दुकानात प्रत्येक पोते दोनदा तोलून घेणारे आम्ही, पण घराखालच्या मातीची परीक्षा एकदाही केली नाही. ऐन वैशाखात, भेगाळलेल्या काळीवरच मुरमाच्या ट्रॉल्या ओतविल्या, वरून ट्रॅक्टर फिरविला आणि काम झाले असे समजलो. थर नाही, पाणी नाही, धुम्मस नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गोदामाची फरशी मध्यभागी फुगून आली. दाराशेजारच्या भिंतीस भेग पडली. ती उन्हाळ्यात उघडे आणि पावसाळ्यात मिटे. त्या वर्षी तुरीच्या थप्प्यांतील खालची पोती ओल लागून वाया गेली.

मग आम्ही घाबरून अंगण दोन फूट उंच करविले आणि सारा उतार मागील बाजूस दिला. आमचे घर कोरडे झाले. परंतु मागे एका वृद्ध हमालाचे लहानसे घर होते. आयुष्यभर त्याने आमचीच पोती वाहिली होती. आमच्या अंगणातील पाणी आता त्याच्या चुलीपर्यंत जाऊ लागले. तो कधी तक्रार घेऊन आला नाही, आणि आम्हीही मागे डोकावून पाहिले नाही. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे आम्ही त्याच्यापुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणालो. तो शांतपणे उत्तरला, “क्षमा कसली, शेठजी? पाणी उताराकडेच जाणार.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तोंडाने आम्ही क्षमा मागत होतो आणि अंगणाचा उतार अपराध करीतच होता. पाऊस उघडताच भिंतीच्या आतून पक्की नाली खोदवून आम्ही ते पाणी सार्वजनिक नालीत नेले. त्यास जो खर्च आला, तो भिजलेल्या तुरीच्या किमतीहून कमी होता.

या अनुभवातून आणि जाणत्या मिस्त्रींच्या सहवासातून जे शिकलो, ते नव्याने घर बांधणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो.

प्रथम जागेत दोनतीन ठिकाणी खड्डे घेऊन काळी किती खोल आहे ते पाहावे. आपल्या भागात एका प्लॉटवरून दुसऱ्यावर जाताच जमीन बदलू शकते. भूगर्भशास्त्रात मँगनीजसाठी प्रसिद्ध असलेले फार प्राचीन खडक सौंसरच्याच नावाने ओळखले जातात. ते आणि बेसॉल्ट एकाच प्रकारची माती देत नाहीत. म्हणून शेजाऱ्याचा पाया पाहून आपला पाया ठरवू नये. काळी उथळ असेल तर ती पूर्ण काढून मुरमापर्यंत जावे. खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने प्रचारात आणलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब हा उपाय आहे. त्यास अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. ते काम जाणकाराच्या सल्ल्यानेच करावे.

दुसरी गोष्ट भरावाची. मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांनी टाकावा, प्रत्येक थरावर पाणी शिंपावे आणि तो धुम्मसाने किंवा रोलरने दाबल्यावाचून पुढचा थर टाकू नये. धान्याच्या व्यापाऱ्यास हे वेगळे समजावयास नको. पायली हलविली की धान्य खाली बसते. भरावाचेही तसेच आहे. आपण दाबला नाही तर घराच्या भाराने तो पुढे बसतो, आणि त्याबरोबर फरशीही बसते. तीस बाय पन्नास फुटांची जागा दोन फूट उंच करावयाची तर दाबलेला भराव 3,000 घनफूट, म्हणजे 30 ब्रास लागतो. सैल मुरूम त्याहून बराच अधिक मागवावा लागतो. हा हिशेब आधी केला म्हणजे अर्ध्यावर पैसे संपून काम उरकण्याची पाळी येत नाही.

तिसरी गोष्ट उताराची. राष्ट्रीय भवन संहितेप्रमाणे घराचे जोते भोवतालच्या जमिनीहून किमान 45 सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावे. भिंतीपासून दहा फुटांपर्यंत जमीन निदान सहा इंच उतरती ठेवावी आणि जोत्यालगत फरशीची पट्टी घ्यावी, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ घेणे कोणासही जमते. जागेतून नैसर्गिक ओहोळ जात असेल तर तो कदापि बुजवू नये. बुजविलेला ओहोळ मोठ्या पावसात आपली वाट पुन्हा शोधतो.

खोदून निघालेली काळी माती घराच्या फरशीखाली भरू नये, आणि ती फेकूनही देऊ नये. ती एखाद्या शेतकऱ्याच्या हलक्या शेतात जावी. जी माती घरास नको असते, तीच शेतास हवी असते.

आपल्या धर्मात पृथ्वीकाय जीव मानले आहेत, आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा स्फोटकर्म म्हणून उल्लेख आहे. घर बांधणाऱ्या गृहस्थास खोदणे सर्वथा टाळता येत नाही; पण गरजेपुरतेच खोदावे आणि चातुर्मासात खोदू नये, एवढे तरी त्याच्या हाती आहे. गंमत अशी की मिस्त्रीही हेच सांगतो. पावसात काळी चिखल होते, आणि ऐन उन्हाळ्यात ती भेगाळून पुढे फुगावयास टपलेली असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर ओल बेताची असते. मातीकामास तोच काळ उत्तम.

शेवटी आपल्या संस्थेस एक नम्र सूचना. आज प्रत्येक नवा घरमालक शेजाऱ्याहून हातभर उंच भराव करतो. त्याच्या पुढचा त्याहून उंच करतो. या चढाओढीत जुनी आणि गरिबांची घरे खळग्यात जातात. आपल्या सभासदांनी तरी एका गल्लीची एक पातळी मिळून ठरवावी, तिची खूण एका दगडावर करावी, आणि प्रत्येकाच्या पाण्याची वाट बांधकामापूर्वी कागदावर आखावी. त्यासाठी सरकारी हुकुमाची वाट पाहावयास नको. चार शेजारी आणि एक पाण्याची नळी पुरेशी आहे.

तो वृद्ध हमाल आता हयात नाही. त्याच्या घरामागे आमची नाली अद्याप वाहते. दर वर्षी मृग लागण्यापूर्वी ती आम्ही स्वतः उभे राहून साफ करवून घेतो, आणि मगच संवत्सरीला हात जोडतो.