साबणाची वडी आणि प्राप्तिकर

समजा, दोघांनी एकाच फसव्या वेबसाइटवरून मोबाइल मागवले. एक शाळेत शिक्षक, दुसऱ्याचं मोबाइलचंच दुकान. टेप उचकटून खोकी उघडली, तर दोन्हीकडे साबणाच्या वड्या! वेबसाइट गायब, पैसे बुडाले. आता गंमत बघा: दुकानदार ही रक्कम नफ्यातून वजा मागू शकतो, पगारदार शिक्षकाला मात्र एका रुपयाचीही वजावट नाही. असं का?

याचं उत्तर नागपूरच्या एका जुन्या पेढीत आहे. मालक बद्रीदास डागा. त्यांच्या मुंबईतल्या मुखत्याराने पेढीच्या खात्यातून पैसे काढले आणि स्वतःची सट्ट्यातली देणी भागवली. थोडी वसुली होऊनही २,०२,४४२ रुपये बुडाले. हा तोटा धरायला प्राप्तिकर खातं तयार नव्हतं. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने डागांच्या बाजूने निकाल दिला. धंदा करायचा तर माणसं नेमावी लागतात, त्यांच्या हाती तिजोरी द्यावी लागते. तो धोका धंद्याच्या पोटातच असतो. पण त्याच निकालात न्यायालय असंही म्हणालं की सावकाराकडे रात्री चोर शिरले तर ते नुकसान या प्रकारात बसत नाही. चोर काय, कुणाच्याही घरात शिरतात!

मग बँकेवर दरोडा पडला तर? १९५१ साली नैनिताल बँकेच्या रामनगर शाखेत दरोडेखोरांनी लाखावर रोकड लुटली. इथे वजावट मिळाली, कारण रोकड हाच बँकेचा माल. वाण्याने गहू ठेवावा तशी बँक नोटा ठेवते.

खरा धक्का पुढे आहे. पियारा सिंग नावाचा तस्कर सोनं आणायला सीमेपलीकडे निघाला असताना ६५,५०० रुपयांच्या नोटांसह पकडला गेला. नोटा जप्त झाल्या. तस्करीच्या कमाईवर खात्याने कर लावला, तेव्हा जप्त रकमेची वजावट त्याने मागितली आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती दिली! कमाई तस्करीची धरायची, तर तस्करीतला तोटाही धरा. (२०२३ साली चांदीच्या एका प्रकरणात न्यायालयाने मात्र अशी वजावट नाकारली.)

म्हणजे माणूस किती हळहळला, हे कायदा बघतच नाही. तोटा कमाई करताना झाला, की कमावलेलं खर्चताना, एवढंच तो विचारतो. पगारातून स्वतःसाठी घेतलेला फोन हा खर्च. विकायला मागवलेला फोन हा माल. पगारदारांसाठी हे कठोर आहे, असं मला मनापासून वाटतं. पण तर्क पक्का आहे.

दुकानदाराने ऑर्डर, बँकेची नोंद, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीची पोच हे सगळं जपून ठेवावं. वजावट कोणत्या वर्षी? कर्मचाऱ्याच्या अफरातफरीबद्दल प्राप्तिकर खात्याचं १९६५ चं परिपत्रक सांगतं, उघडकीस आली त्या वर्षी. आणि वजावट घेतल्यावर कधी पैसे परत मिळालेच, तर ते मिळाले त्या वर्षीचं उत्पन्न ठरतात, दुकान तोवर बंद झालेलं असलं तरी!